गावाकडचे घर, परसबाग आणि काळवीट

घर-अंगण सदर



पुणे, सोलापूर, अकोला, अहिल्यानगर अशा शहरांत व्यापारात स्थिरावलेल्या आपल्या अनेक कुटुंबांचे मूळ घर अजूनही गावात उभे आहे. पेढी शहरात, पण आजोबांचा वाडा, विहीर आणि चार-पाच एकर जमीन गावात, ही आपल्या समाजातील नेहमीची स्थिती. अलीकडे या घरांकडे पुन्हा लक्ष वळू लागले आहे. माळवदाला गळती लागली म्हणून दुरुस्ती निघते, जोत्याचे दगड पुन्हा बसवले जातात, परसात भाजीचे वाफे आखले जातात, फाटकाजवळ जास्वंद आणि गुलाब लागतात. मुले सुटीत येतील, वडीलधाऱ्यांना मोकळी हवा मिळेल, आणि चौविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्तापूर्वी घरच्या भाजीचे जेवण मिळेल, असा हा सारा साधा आणि चांगला विचार असतो.

मग एका सकाळी राखणदाराचा फोन येतो, ‘शेठ, रात्री हरणांनी सगळा हरभरा खाल्ला, गुलाबाचे शेंडेही ठेवले नाहीत.’ आणि शेठ गाडी चालवता चालवता उत्तर देतात, ‘काय करायचे ते कर, पण उद्यापासून हरीण आत येता कामा नये.’

आजचा लेख या एका वाक्याविषयी आहे.

प्रथम हे पाहुणे कोण, ते समजून घेऊ. मराठीत आपण सरसकट हरीण म्हणतो, परंतु त्यात दोन निराळी कुळे आहेत. चितळ आणि सांबर यांची शिंगे फांद्यांसारखी असतात, दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट आणि चिंकारा यांची शिंगे मात्र जन्मभर टिकतात. चितळ आणि सांबर जंगलाच्या आश्रयाने राहतात. काळवीट आणि चिंकारा हे मोकळ्या माळाचे रहिवासी. आपली गावे बहुधा माळाच्या पट्ट्यात असल्यामुळे आपल्या परसात येतो तो प्रायः काळवीटच. प्रौढ नराची पाठ काळपट, पोट पांढरे आणि शिंगे मळसूत्रासारखी पिळलेली असतात. मादी आणि लहान नर फिकट तपकिरी रंगाचे असतात. नराचे वजन साधारणतः ३५ ते ४० किलो भरते. वास आणि कान यांपेक्षा त्याचा भरवसा डोळ्यांवर अधिक. दूरवर दिसले तरच त्याला सुरक्षित वाटते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढील बहुतेक उपाय आपोआप समजतील.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळविटांसाठी १९८० साली अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ अवघे २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे ५३६ एकर. बारामती तालुक्यातील सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी आहे आणि तेही लहानच. वाशीम जिल्ह्यात कारंजा लाड हे आपले प्राचीन विद्यापीठ. तेथील भट्टारकांच्या गाद्या, हस्तलिखितांचे भांडार आणि गुरुकुल आपणा सर्वांस परिचित आहे. त्याच कारंज्याच्या परिसरात कारंजा-सोहोळ हे काळविटांचे अभयारण्य आहे, हे मात्र तेथे दर्शनाला जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असते? सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर माळढोक पक्ष्यासाठी राखलेल्या क्षेत्रातही काळविटांचे कळप चरतात.

अभयारण्याची हद्द कागदावर असते. पाचशे एकरांत मावणार नाही इतका कळप झाला, किंवा उन्हाळ्यात गवत वाळले, की तो शेजारच्या शिवारात उतरतो. पूर्वी गावोगावी गायरान होते, पडीक माळ होता. आता तेथे विहिरी, कालवे, उसाचे फड आणि भूखंड आले. काळवीट आपल्या बागेत आला असे आपण म्हणतो. पुष्कळदा आपली बागच त्याच्या चराऊ माळावर आलेली असते. हे म्हटल्याने शेतकऱ्याचे नुकसान खोटे ठरत नाही. ज्याचे वर्षाचे पोट दोन एकर हरभऱ्यावर अवलंबून आहे, त्याचे दुःख मोठे आहे आणि त्याला वनखात्याकडून भरपाई मागण्याचा अधिकार आहे. परंतु आपली परसबाग हे आपले पोट नव्हे. आपल्याला अधिक विवेकाने वागणे परवडते, म्हणून आपली जबाबदारीही अधिक.

आता धर्मदृष्टीने पाहू. गृहस्थाच्या हातून घडणाऱ्या हिंसेचे आपल्या आचार्यांनी चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. घर बांधणे, माती खणणे, पाणी घालणे यांत आरंभी हिंसा आहे. ती गृहस्थाला पूर्णतः टाळता येत नाही. यत्नपूर्वक कमी करता येते. संकल्पी हिंसा मात्र श्रावकाने सर्वथा वर्ज्य केलेली आहे. बागेला कुंपण घालणे हा आरंभ आहे. ते कुंपण एखाद्या जीवाचा पाय कापला जाईल असे आहे, हे माहीत असूनही घालणे, ही सीमा ओलांडण्यास सुरुवात आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कर्म स्वतः केलेले असो, दुसऱ्याकडून करवलेले असो की केवळ अनुमोदिलेले असो, तिन्हींचा वाटा जीवाला मिळतो. आचार्य हेमचंद्रांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्र’ या ग्रंथात बलभद्र मुनींची कथा येते. कृष्णाच्या वियोगानंतर दीक्षा घेतलेले बलभद्र तुंगी पर्वतावर तप करीत होते. आपल्या रूपाने लोकांचे भान हरपते हे पाहून त्यांनी नगरात आहारासाठी जाणे सोडले. त्या वनातील एक हरीण त्यांचा भक्त झाला. लाकडासाठी कोणी रानात आले की तो मुनींना तिकडे घेऊन जाई. एके दिवशी झाड अर्धवट तोडून भोजनाला थांबलेल्या एका रथकाराने मुनींना भक्तिभावाने आहार दिला. हरीण बाजूला उभा राहून पाहत होता; त्याच्या डोळ्यांत पाणी आले, की मी मनुष्य असतो तर मलाही हे दान देता आले असते. तेवढ्यात वाऱ्याने ते झाड कोसळले आणि तिघेही त्याखाली गेले. तिघांनाही एकच देवगती मिळाली. मुनींनी तप केले, रथकाराने दान दिले, आणि हरणाने केवळ मनाने त्याला होकार दिला.

प्रवचनांत ही कथा आपण पुण्याच्या बाजूने ऐकतो. तिची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मूक पशूची केवळ अनुमोदना जर एवढी फळत असेल, तर फोनवर दिलेली आज्ञा किती फळेल? ‘काय करायचे ते कर’ असे म्हटल्यानंतर राखणदार जे करील, ते आपल्या खात्यात ‘करवलेले’ म्हणून जमा होते. तो काटेरी तार आणील, शेजाऱ्याकडून फास मागून आणील, किंवा रात्री विजेच्या खांबावरून आकडा टाकून तारेत प्रवाह सोडील. यांतील शेवटचा प्रकार दरवर्षी वन्य प्राण्यांचेच नव्हे, तर शेतकऱ्यांचे आणि त्यांच्या मुलांचेही बळी घेतो. तो कायद्याने गुन्हा आहे. काळवीट हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे; त्याच्या हत्येला किमान ३ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. परंतु श्रावकाला थांबण्यासाठी कायद्याची गरज पडू नये.

कुंपण कसे असावे, हे ठरवण्यासाठी निराळी कसोटी शोधण्याची आवश्यकता नाही. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलो आहोत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. कुंपणाचा प्रत्येक प्रकार या पाच प्रश्नांपुढे उभा करून पाहावा.

बंध म्हणजे अडकवणे. स्वस्त म्हणून नायलॉनची जाळी किंवा मासेमारीचे जुने जाळे बागेभोवती सैल सोडतात. काळविटाची पिळदार शिंगे त्यात गुंततात. सुटण्यासाठी तो जितका झटके देतो तितका अधिक गुरफटतो. अशी जाळी कदापि लावू नये. सर्प आणि पक्षीही तीत अडकतात.

वध म्हणजे मारणे, ताडन करणे. गोफणीचे दगड, फटाके, मागे कुत्रे सोडणे हे सर्व यात आले. हरीणवर्गीय प्राण्याचा जीव फार नाजूक असतो. जखम एकही नसताना केवळ जिवाच्या भीतीने खूप धावल्यामुळे त्याचे स्नायू आणि हृदय निकामी होऊन तो काही वेळाने, कधी दुसऱ्या दिवशी मरतो. आपण ‘नुसते हाकलले’ असे म्हणतो, आणि तो पुढच्या बांधाआड मरून पडलेला असतो.

छेद म्हणजे अवयव कापणे. काटेरी तार आणि भिंतीवर बसवलेल्या काचा यांचे दुसरे काही काम नाही. उडी चुकली तर पोट फाटते आणि पाय अडकला तर कातडी सोलते. आपल्या घराला या दोन्ही वस्तू शोभत नाहीत. जुन्या काचा काढून भिंतीच्या माथ्यावर चुन्याचा गोल उतार करून घ्यावा; पावसाचे पाणीही मुरत नाही आणि भिंतीचे आयुष्य वाढते.

अतिभारारोपण म्हणजे शक्तीबाहेर भार लादणे. हे सहसा बैलाच्या संदर्भात सांगितले जाते, परंतु शास्त्रकारांनी त्यात सेवकालाही धरले आहे. दिवसभर बागेत काम केलेल्या राखणदाराला थंडीत रात्रभर हरणे राखायला बसवणे आणि महिन्याचा पगार तोच ठेवणे, हा अतिचारच होय. चांगले कुंपण हे त्याच्या झोपेचेही रक्षण करते.

अन्नपाननिरोध म्हणजे अन्नपाणी तोडणे. पाच एकरांना सगळीकडून जाळी ठोकली आणि त्यात ओढ्याचा उतार किंवा एकमेव पाणवठा कोंडला गेला, तर कोणालाही हात न लावता आपण कळपाचे पाणी बंद केले, असे होते.

आता व्यापाऱ्याच्या पद्धतीने हिशेब मांडू. पाच एकरांच्या चौरस जमिनीचा परीघ सुमारे १,८६७ फूट भरतो. एका कुटुंबाला पुरेल एवढी भाजी २० फूट रुंद आणि ३० फूट लांब वाफ्यांत निघते. तिचा परीघ फक्त १०० फूट. म्हणजे सगळ्या जमिनीऐवजी केवळ परसबागेला कुंपण घातले, तर लांबी जवळजवळ एकोणिसाव्या हिश्श्यावर येते. वाचलेल्या रकमेत जाळी उत्तम प्रतीची घेता येते आणि उरलेला माळ ज्याचा त्याला मोकळा राहतो. खर्च आणि हिंसा एकाच उपायाने कमी होण्याचे असे योग क्वचितच येतात.

या लहान चौकटीसाठी सहा फूट उंचीची साधी चेनलिंक जाळी लोखंडी अँगलवर ताठ ताणून लावावी. खालची कड जमिनीला टेकलेली असावी. वरच्या कडेला बांबू किंवा लाकडी पट्टी आडवी बांधावी, कारण केवळ तार प्राण्याला दिसत नाही आणि धावत आलेला नर तीवर आदळतो. काळवीट मोकळ्यावर उंच झेप घेऊ शकतो. परंतु उतरायला जागा दिसत नसेल, तर अरुंद जागेत तो उडी घेण्याचे टाळतो. म्हणून लहान चौकट मोठ्यापेक्षा अधिक सुरक्षित ठरते. उंच जाळी नको असेल, तर चार फुटांची दोन कुंपणे एकमेकांपासून चार-पाच फुटांवर समांतर घालावीत. दोन्ही एका झेपेत ओलांडता येतील की नाही, याचा अंदाज न आल्याने हरीण मागे फिरते. मधल्या पट्ट्यात गवती चहा लावला की जागाही वाया जात नाही.

कापडाच्या व्यापारातील बंधूंना एक उपाय विशेष सोयीचा आहे. अनेक गावांत शेतकरी जुन्या साड्या बांधावर ताणून कुंपण करतात. हलणारा रंगीत पडदा दिसला की प्राणी बिचकतात. तात्पुरते पीक असेल तर एवढेही पुरते. अट एवढीच, की साडी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी खुंट्यांना ताठ बांधावी. सैल लोंबणारे कापड शिंगांत अडकते.

बाजारात सौरऊर्जेवरील ‘झटका मशीन’ मिळते. प्रमाणित यंत्राचा झटका क्षणमात्र आणि थांबून थांबून येत असल्याने तो प्राणघातक नसतो. मोठ्या शेतीसाठी त्याचा विचार करणाऱ्यास दोष देता येणार नाही. परंतु शंभर फुटांच्या परसबागेसाठी मुक्या जीवाला वेदना देणारे साधन आणण्याचे प्रयोजन दिसत नाही. जे जाळीने साधते, त्यासाठी झटका हा अनर्थदंडच.

वाड्याला मधला चौक असेल, तर आपल्या पूर्वजांनी प्रश्न आधीच सोडवून ठेवला आहे. चारही बाजूंनी सोपा आणि मध्ये उघडे आकाश: याहून सुरक्षित बाग कोणती? दुरुस्तीच्या वेळी पुष्कळजण चौकावर पत्रे टाकून तो बंद करतात आणि घर अंधारे व कोंदट होते. तसे न करता चौकाची फरसबंदी नीट उतार देऊन बसवावी, पाण्याची मोरी मोकळी करावी आणि मेथी, पालक, कोथिंबीर अशी हरणांना सर्वांत आवडणारी कोवळी भाजी तेथे रुंद कुंड्यांत लावावी. बाहेरच्या बागेत वेलभाज्या घ्याव्यात. दोडका, कारले, दुधी, पडवळ, वाल यांना सहा-सात फुटांचा मांडव केला की शेंडा हरणाच्या तोंडाबाहेर जातो. वेल वर चढेपर्यंत तेवढे बुंध्याला जाळीचे कडे ठेवावे. कंदमुळे आपल्या वाफ्यांत नसतातच, त्यामुळे रानडुकरांचे एक मोठे आकर्षण आपोआप टळते.

बाहेरच्या कडेला जिवंत कुंपण लावावे. करवंद काटेरी असले तरी तारेसारखे कापत नाही आणि लोणच्याला फळे देते. अडुळसा आणि निरगुडी यांची कडू, उग्र पाने जनावरे सहसा खात नाहीत. मेंदीची दाट रांग छाटून भिंतीसारखी राखता येते. तुळस, ओवा, पुदिना, गवती चहा, कोरफड यांनाही हरणे फारसा त्रास देत नाहीत. याउलट गुलाब, जास्वंद, हरभरा, मूग हे त्यांचे आवडीचे. ते चौकटीच्या आतच असावेत. पूजेसाठी फुले वापरण्याची परंपरा ज्या घरांत आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. भुकेच्या दिवसांत मात्र प्राणी कोणतीही वनस्पती खाऊन पाहतो, म्हणून केवळ झाडांच्या निवडीवर विसंबू नये.

कण्हेरीविषयी एक इशारा. कण्हेर विषारी असल्याने हरणे तिला तोंड लावत नाहीत, म्हणून ती फाटकावर लावली जाते. पण छाटलेल्या फांद्या वाळल्यावरही त्यांतील विष कायम राहते, आणि वाळलेला पाला गुरे किंवा हरणे चाऱ्यासोबत खाऊन मरू शकतात. छाटणी केली तर फांद्या बांधावर टाकू नयेत, खड्ड्यात पुराव्यात. घरात लहान मुले असतील तर कण्हेर न लावणेच श्रेयस्कर.

खते आणि फवारे घेताना वेष्टनावरील घटक वाचण्याची सवय ठेवावी. हरणांना दूर ठेवणाऱ्या अनेक तयार फवाऱ्यांत नासलेल्या अंड्यांचा किंवा वाळवलेल्या रक्ताचा अंश असतो. गुलाबासाठी माळी हमखास सुचवतो ते ‘बोनमील’ म्हणजे हाडांचा चुरा. शेणखत, कुजलेला पाला आणि निंबोळी पेंड यांनी आपली बाग उत्तम फुलते.

बागेपेक्षाही अधिक तातडीचे काम विहिरीचे आहे. कठडा नसलेल्या किंवा ढासळलेल्या विहिरीत रात्री पाण्याच्या वासाने किंवा कुत्र्यांच्या भीतीने धावताना प्राणी पडतात. घराच्या रंगकामाआधी विहिरीला चार फुटांचा कठडा आणि वर लोखंडी जाळी बसवावी. दुसरे शेततळे. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्याचा उतार गुळगुळीत असतो. पाणी प्यायला उतरलेला जीव पुन्हा वर चढू शकत नाही; हरणेच नव्हे, मुलेही यात बुडाली आहेत. तळ्याला कुंपण हवेच. शिवाय आत दोन-तीन बाजूंनी काठापासून तळापर्यंत जुने टायर दोराने एकमेकांना बांधून सोडावेत किंवा काथ्याची जाड चटई अंथरावी, म्हणजे पाय रोवायला आधार मिळतो. ज्या घराने पाणी गाळून पिण्याचे व्रत पिढ्यान्‌पिढ्या पाळले, त्याच्या तळ्यात एखादा पंचेंद्रिय जीव रात्रभर धडपडत मरावा, हे आपल्याला कसे सोसवेल?

आता एक नाजूक विषय. आपल्या समाजात जीवदयेचा पहिला उद्गार म्हणजे खाऊ घालणे. पांजरपोळ, कबुतरांना दाणे, कुत्र्याला पोळी हे संस्कार आपल्या रक्तात आहेत. त्यामुळे हरणे दिसली की घरातील माणसे धान्य, गूळ, पोळ्या घेऊन निघतात. भाव शुद्ध आहे, परंतु परिणाम विपरीत होतो. काळवीट रवंथ करणारा प्राणी आहे. त्याचे पोट गवतासाठी घडलेले आहे. धान्य किंवा पोळ्या अधिक प्रमाणात गेल्या की पोटात आम्ल वाढून तो मरू शकतो. माणसाच्या हातचे खाण्याची सवय लागली की त्याची भीती मोडते. मग तो रस्त्यावर येतो, वस्तीत शिरतो, आणि सगळ्याच वस्त्यांतील माणसे आपल्यासारखी नसतात. गुरांच्या गव्हाणीत चरू लागला तर लाळ्या-खुरकुतासारखे रोग इकडून तिकडे जातात. अभयदान हे दानांत श्रेष्ठ मानले आहे. काळविटाला अन्नदानापेक्षा अभयदानाचीच गरज अधिक आहे.

अन्न नको, पण उन्हाळ्यात पाणी द्यावे. त्यासाठी घरापासून आणि रस्त्यापासून दूर, चारही बाजूंनी मोकळे दिसेल अशा जागी बशीसारखे उथळ कुंड करावे. मध्ये खोली एक फुटाहून अधिक नको आणि कडा उताराच्या असाव्यात, म्हणजे पक्षी आणि मधमाश्याही बुडणार नाहीत. पाणी एक दिवसाआड बदलावे. साचलेल्या पाण्यात डासांची उत्पत्ती होऊ द्यायची आणि मग ते ओतून द्यायचे, त्यापेक्षा उत्पत्तीलाच अवसर न देणे हा आपला मार्ग. पावसाळा लागला की कुंड कोरडे करून ठेवावे.

कुत्र्यांचा प्रश्नही टाळता येणार नाही. माळावरील काळविटांच्या पाडसांना मोकाट कुत्र्यांपासून फार मोठा धोका असतो. आपल्या घरी पोळी खाऊन पुष्ट झालेला कळप पहाटे माळावर पाडसांमागे लागतो आणि आपण दोन्हींकडे पुण्य झाले असे समजत राहतो. कुत्रा पाळलाच तर त्याची संपूर्ण जबाबदारी घ्यावी: लसीकरण, निर्बीजीकरण, आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत आवाराच्या आत मुक्काम.

पाडसाविषयी तर मुलांनाही सांगून ठेवावे. मादी एकाच पिल्लाला जन्म देते आणि पहिले काही दिवस त्याला गवतात लपवून स्वतः दूर चरते. ते निपचित पडून असते, कारण न हलणे हेच त्याचे संरक्षण. असे पाडस दिसले की ‘बिचारे अनाथ’ म्हणून उचलून आणण्याचा मोह दयाळू माणसालाच अधिक होतो. त्याला स्पर्श करू नये. शांतपणे परत फिरावे, आई येते. घरी आणून दूध पाजलेली पाडसे बहुधा जगत नाहीत, आणि वन्य प्राणी पाळणे हा गुन्हाही आहे. प्राणी खरोखर जखमी असेल, विहिरीत किंवा तारेत अडकला असेल, तर वनखात्याच्या १९२६ या विनाशुल्क क्रमांकावर कळवावे आणि माणसे येईपर्यंत गर्दी व गोंगाट दूर ठेवावा. काळवीट आवारात शिरून गोंधळला असेल, तर सर्व फाटके उघडावीत, दिवे मालवावेत आणि सर्वांनी घरात जावे. वाट दिसली की तो स्वतः जातो.

दिव्यांचे काम निघाले असेल तर अंगणात पांढऱ्या झगझगीत दिव्यांऐवजी पिवळसर, खाली प्रकाश पडेल असे झाकलेले दिवे घ्यावेत आणि निजताना बंद करावेत. पिवळ्या प्रकाशाकडे पतंग आणि कीटक कमी ओढले जातात. रात्रीचे भोजन त्यागणाऱ्या घराला यामागील कारण वेगळे सांगायला नको. माळही अंधारात राहतो आणि ज्याची रात्र त्याला मिळते.

शेवटी वृक्षारोपणाविषयी. वडिलांच्या स्मरणार्थ शंभर झाडे लावावीत, ही भावना थोर आहे. परंतु उघडा माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे. मारवेल, पवना, कुसळी या गवतांवर काळवीट, चिंकारा, ससे, चंडोल अशी मोठी सृष्टी जगते. तेथे दाट झाडी लावली की दूरवर पाहून जगणारा काळवीट ती जागा सोडतो, आणि पुन्हा कोणाच्या तरी हरभऱ्यात उतरतो. झाडे घराभोवती आणि बांधावर लावावीत, नर शिंगे घासतो म्हणून रोपाला चार फुटांचे जाळीचे कडे द्यावे, आणि माळाचा एखादा एकर गवतासाठी तसाच राखावा. स्मरणार्थ राखलेला माळ हेही दानच आहे. त्यावर पाटी लावण्याची आवश्यकता नाही.

सोळावे तीर्थंकर भगवान शांतिनाथ यांचे लांछन हरीण आहे. मूर्तीच्या पादपीठावर कोरलेल्या त्या हरणाला आपण रोज वंदनाच्या ओघात पाहतो. दर्शन घेऊन परतल्यावर एक काम करावे. राखणदाराला एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून द्यावे: काटेरी तार नाही, नायलॉनचे जाळे नाही, फास नाही, विजेची तार नाही, दगड नाही, कुत्रा सोडणे नाही. बागेला सहा फुटांची जाळी आठ दिवसांत येईल. विहिरीचा कठडा याच महिन्यात होईल. तोपर्यंत जे खाल्ले जाईल त्याचा जाब तुला विचारला जाणार नाही. कागदाखाली आपली सही करावी, आणि त्याची एक प्रत पेढीवरच्या वहीत ठेवावी.